पंचरंगीला पर्याय

डिसेंबर १९४० च्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या पी. जे. हिंदू जिमखान्याचं एक शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींना भेटलं. युद्ध सुरू होऊन सव्वा वर्ष झालं होतं. ऑक्टोबरात विनोबांपासून वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात झाली होती आणि काँग्रेसचे पुढारी एकामागून एक तुरुंगात जात होते. अशा धामधुमीत या मंडळींनी नेलेला प्रश्न क्रिकेटचा होता. यंदाच्या पंचरंगी सामन्यांत हिंदूंचा संघ उतरवायचा की नाही?

गांधीजींना क्रिकेटमध्ये फारसा रस नव्हता, आणि तसं त्यांनी लपवलंही नाही. पण उत्तर मात्र नेमकं दिलं. कॉलेजांनी किंवा संस्थांनी आपापले संघ करावेत, ते समजू शकतं; हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, ते आपल्याला कधीच समजलेलं नाही. जग होरपळत असताना अशा करमणुकीचा सोहळा करू नये, आणि एरवीही खेळात जातधर्माला जागा नसावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

शिष्टमंडळ परतलं आणि मरीन लाइन्सच्या जिमखान्यात मतदान झालं. माघार घ्यावी, या बाजूने २८० मतं पडली. खेळावं, या बाजूने २४३. गांधीजींचा शब्द हाताशी असूनही फरक अवघा सदतीस मतांचा! मुंबईकरांचा जीव या सामन्यांत किती गुंतला होता, ते या आकड्यांवरून कळतं.

हा जीव गुंतायला अर्धं शतक लागलं होतं. मुंबईत गोऱ्यांचं पाहून क्रिकेट प्रथम उचललं ते पारश्यांनी. १८४८ मध्ये त्यांचा ओरिएंटल क्लब निघाला. १८९२ पासून पारशी आणि युरोपियन यांच्यात दरवर्षी ‘प्रेसिडेन्सी’ सामने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान आले, सामने चौरंगी झाले. १९३७ मध्ये उरलेल्या सगळ्यांची, म्हणजे देशी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरेंची मोट बांधून ‘रेस्ट’ नावाचा पाचवा संघ केला गेला. चौरंगीचे पंचरंगी झाले ते असे. सरकारने समुद्रालगतच्या जमिनी जमातींच्या जिमखान्यांना दिल्या होत्या. पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने तिथे शेजारी शेजारी उभे राहिले. ज्याचा जिमखाना त्याचा संघ, हे शहराच्या अंगवळणी पडलं.

सामने सुरू झाले की गिरगावच्या चाळींपासून फोर्टातल्या पेढ्यांपर्यंत दुसरा विषय नसे. १९३४ मध्ये बॉबी तल्यारखान यांनी रेडिओवरून या सामन्यांचं धावतं वर्णन करायला सुरुवात केली. दिवसभर एकटे बोलायचे, मायक्रोफोन दुसऱ्याला द्यायचे नाहीत. मैदानावर जाणं ज्याला परवडत नव्हतं, तोही त्यांच्या आवाजातून सामन्याला हजर राहू लागला. मुंबईचं पाहून कराचीत आणि नागपुरातही असे जमातवार सामने भरू लागले.

पण लोकप्रियता हा बिनचूकपणाचा दाखला नव्हे, आणि चौरंगीवर पहिला मोठा बहिष्कार घातला तो हिंदू संघाच्याच दोन खेळाडूंनी. पळवणकर बंधू मूळचे कोकणातल्या पालवणचे, जातीने चांभार. थोरले बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करत आणि साहेबांना गोलंदाजी टाकत. त्यातून हिंदुस्थानचा पहिला थोर डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. मुंबईच्या हिंदू संघाचे ते वर्षानुवर्षांचे आधारस्तंभ होते. बळी घ्यायला बाळू हवे होते, कप्तानपदाची वेळ आली की मात्र पंचांग वेगळं निघे.

१९२० मध्ये हे फारच उघड झालं. नेमलेले कप्तान एम. डी. पै आजारी पडल्यावर कप्तानपद पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेलं. बाळूंना डावललं, म्हणून त्यांचे धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला आणि आपलं म्हणणं जाहीरपणे मांडलं. गुणांवर निवड होणार की जातीवर, हा त्यांचा सवाल होता. तेव्हा असहकाराचे वारे वाहत होते आणि अस्पृश्यतानिवारणाची भाषा सभांतून चालली होती, त्यामुळे लोकमत भावांच्या बाजूने गेलं. अंतिम सामन्याच्या वेळी तडजोड निघाली: पै कप्तान, बाळू उपकप्तान. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पळवणकर हिंदूंचे कप्तान झाले आणि संघाने युरोपियनांना हरवून करंडक जिंकला.

हा बहिष्कार यशस्वी झाला, असं म्हणता येतं. तरी त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. पळवणकरांचं भांडण हिंदू संघात आपल्याला न्याय्य जागा मिळावी एवढ्यासाठी होतं. मुळात हिंदूंचा वेगळा संघ का, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नव्हता.

तो प्रश्न पुढच्या दशकाने विचारला. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह पेटला, मुंबईच्या रस्त्यांवर रोज मिरवणुका आणि लाठीमार होऊ लागले आणि चौरंगी सामने बंद पडले. ते १९३४ पर्यंत बंदच राहिले. मधल्या काळात, डिसेंबर १९३३ मध्ये, बॉम्बे जिमखान्यावर हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना झाला. सी. के. नायडू कप्तान, लाला अमरनाथांचं पदार्पणातलं शतक. ज्या जिमखान्यात देशी माणसाला सभासदत्व नव्हतं, त्याच्या हिरवळीवर हिंदू, मुसलमान, पारशी एका संघातून इंग्लंडविरुद्ध खेळले. हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर चौरंगीच्या समर्थकांना आपली बाजू मांडणं पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही.

१९३४ मध्येच पर्यायाची पायाभरणीही झाली. त्या उन्हाळ्यात सिमल्याच्या बैठकीत क्रिकेट नियामक मंडळाचे सचिव अँथनी डिमेलो यांनी प्रांतवार राष्ट्रीय स्पर्धेची कल्पना मांडली आणि पतियाळाच्या महाराजांनी रणजितसिंहांच्या नावाने सोन्याचा करंडक देऊ केला. नोव्हेंबरात मद्रास आणि म्हैसूर यांच्यात पहिला सामना झाला. पहिला रणजी करंडक एल. पी. जय यांच्या मुंबई संघाने उत्तर हिंदुस्थानला हरवून जिंकला. या स्पर्धेत माणूस कोणत्या देवाला भजतो ते कुणी विचारत नव्हतं. तो कुठे राहतो, एवढंच पाहिलं जात होतं.

कागदावर हा उत्तम पर्याय होता. पण प्रेक्षक काही कागद बघायला येत नाहीत. रणजीचे सामने गावोगाव विखुरलेले, बरेचसे रिकाम्या बाकांपुढे झालेले. पंचरंगी म्हणजे मुंबईतला पंधरवड्याचा उत्सव, खच्चून भरलेलं मैदान आणि जिमखान्यांच्या तिजोरीत पडणारी भर. रणजीत हरल्याचं वाईट वाटलं तरी ते दोन दिवसांत विसरता येई. पंचरंगीतला पराभव पुढच्या वर्षापर्यंत ऐकून घ्यावा लागे.

चर्चगेटजवळ, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं. त्याच वर्षी हिंदूंनी दुसरा बहिष्कार घातला. यावेळी कारण तत्त्वाचं नव्हतं, खुर्च्यांचं होतं! नव्या स्टेडियममध्ये कोणत्या जिमखान्याला किती जागा द्यायच्या, यावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी हिंदू जिमखान्याचं बिनसलं. सभासद जास्त म्हणून त्यांना जागा जास्त हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत आणि हिंदू संघ घरी बसला. पहिली पंचरंगी स्पर्धा अशी चौघांतच पार पडली. मुसलमान जिंकले. पुढच्या वर्षी हिंदू परत आले.

म्हणून १९४० चा निर्णय वेगळा ठरतो. जातीवरून भावांनी, जागांवरून जिमखान्याने बहिष्कार घातला होता. आता पहिल्यांदाच बहिष्काराने स्पर्धेच्या पायावर बोट ठेवलं. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने हे मत आधीपासून लावून धरलं होतं, गांधीजींच्या निवेदनाने त्याला वजन आलं. हिंदू बाहेर राहिले, तरी स्पर्धा थांबली नाही. मुसलमानांनी अंतिम सामन्यात रेस्टला हरवलं आणि कारभार पुढे सरकला.

त्याच हंगामात पुण्यात काय झालं ते इथे सांगायलाच हवं. पूना क्लबच्या मैदानावर रणजी करंडकासाठी मुंबई आणि महाराष्ट्र समोरासमोर आले. मुंबईने पहिल्या डावात ६५० धावा केल्या. एवढ्या धावांपुढे एखादा संघ हात टेकतो. महाराष्ट्राचे कप्तान देवधर तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी २४६ धावा काढल्या, महाराष्ट्राने ६७५ पर्यंत मजल मारली आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबई बाहेर गेली. पुढे सलग दुसऱ्या वर्षी रणजी करंडक महाराष्ट्राकडे राहिला. आदल्या वर्षी याच देवधरांच्या संघातून सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या होत्या. १९२० मध्ये ज्यांच्या कप्तानपदावरून जातीचा वाद पेटला ते देवधर, आणि पंचरंगीत ज्यांना ‘रेस्ट’खेरीज जागा नव्हती ते हजारे, रणजीत एकाच संघातून, ‘महाराष्ट्र’ या एकाच नावाने खेळत होते. पर्यायाची ताकद अशी दिसू लागली होती, पण पुण्यात; मुंबईच्या मनावर अजून पंचरंगीचीच पकड होती.

त्याचा प्रत्यय लगेच आला. १९४१ मध्ये हिंदू संघ परतला आणि जिंकलाही. काही संस्थानिकांनी आपल्या पदरच्या खेळाडूंना मनाई केली, विरोधकांनी सभा घेतल्या, तरी गर्दी हटली नाही. १९४२ मध्ये ऑगस्टात गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि देशच पेटला, तेव्हा त्या वर्षी सामने झाले नाहीत. नियामक मंडळानेही जमातवार क्रिकेट बंद करण्याचा विचार करून पाहिला. पण मुंबईतल्या स्पर्धेची मालकी जिमखान्यांची, आणि ते आपल्या हक्कांत ढवळाढवळ सहन करायला तयार नव्हते.

डिसेंबर १९४३ च्या अंतिम सामन्याने तर विरोधकांचं तोंडच बंद केलं असतं. विजय मर्चंटांनी नाबाद २५० धावा ठोकल्या, हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. रेस्ट १३३ मध्ये गारद, त्यात हजाऱ्यांच्या ५९. फॉलोऑननंतर रेस्टचे पाच गडी साठ धावांत गेले आणि हजाऱ्यांच्या जोडीला त्यांचे धाकटे भाऊ विवेक आले. विवेकने काम एकच केलं: टिकून राहायचं. या जोडीने ३०० धावांची भागी केली आणि त्यात विवेकच्या धावा होत्या २१! संघाच्या ३८७ पैकी हजाऱ्यांच्या एकट्याच्या ३०९. रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरले, पण ब्रेबॉर्नवरून लोक घरी गेले ते हजाऱ्यांचं नाव घेत. हिंदू संघाचा कैवार घेऊन आलेले हजारो मुंबईकर दुसऱ्या संघातल्या माणसासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. समर्थक म्हणत, बघा, इथे कुठे आहे द्वेष? आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांतच मर्चंटांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढून हजाऱ्यांचा विक्रम मागे टाकला. तो सामना रणजीचा होता. स्पर्धा दोन, पण चढाओढ एकच. पंचरंगीतला जोम आता रणजीतही उतरू लागला होता.

१९४४-४५ च्या हंगामात ब्रेबॉर्नवर दोन अंतिम सामने झाले, आणि दोन्ही स्पर्धांची तुलना करायची तर ते शेजारी ठेवून पाहावेत. पंचरंगीत हिंदू आणि मुसलमान भिडले. के. सी. इब्राहिम यांनी अखेरपर्यंत नाबाद राहून झळकावलेल्या शतकाच्या बळावर मुसलमान एका गड्याने जिंकले. सामना अतिशय चुरशीचा झाला आणि खिलाडूपणे खेळला गेला. पण स्टेडियमबाहेरच्या देशात तेव्हा पाकिस्तानच्या मागणीने वातावरण तापलं होतं. मैदानावर कितीही सौजन्य असलं तरी धावफलकावर ‘हिंदू’ आणि ‘मुस्लिम’ हेच शब्द होते.

मार्च १९४५ मध्ये त्याच खेळपट्टीवर रणजीचा अंतिम सामना झाला: मुंबई विरुद्ध होळकर. मुंबईकडून मर्चंट २७८, रुसी मोदी १५१, आर. एस. कूपर १०४; त्या डावात मुंबईच्या ७६४ धावा झाल्या. मोदी आणि कूपर पारशी. पंचरंगीत हे दोघे मर्चंटांना बाद करायला मैदानात उतरले असते. इथे ते त्यांच्यासोबत धावा पळत होते. समोर सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली मुश्ताक अली, ज्यांनी दोन्ही डावांत शतकं केली. आणि महूच्या छावणीत नेमणूक झालेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन, नाबाद २४९. पंचरंगीच्या हिशेबाने नायडू, मुश्ताक आणि कॉम्प्टन तीन वेगवेगळ्या तंबूंत बसले असते. होळकरांच्या सी. एस. नायडूंनी त्या सामन्यात ९१७ चेंडू टाकले; एवढी गोलंदाजी प्रथम श्रेणीच्या सामन्यात कुणाच्याही वाट्याला आली नव्हती. एकूण २०७८ धावांच्या या सामन्यात मुंबई ३७४ धावांनी जिंकली. मोदींनी त्या हंगामात रणजीत १००८ धावा केल्या. हजाराचा टप्पा गाठणारे ते पहिले.

पंचरंगीला मिळालेलं खरं उत्तर हे होतं. ठराव आणि निवेदनं जिथे थिटी पडली, तिथे मुंबईच्या लोकांना आपल्याच मैदानावर आपल्याच शहराच्या नावाचा, अंगावर काटा आणणारा सामना बघायला मिळाला.

१९४५-४६ चा हंगाम पंचरंगीचा शेवटचा. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौदलातल्या खलाशांचं बंड झालं आणि परळ-लालबागचे गिरणी कामगार त्यांच्या पाठिंब्याला रस्त्यावर उतरले. गोळीबारात माणसं मेली. त्याच वर्षी पुढे शहरात हिंदू-मुस्लिम दंगली उसळल्या. अशा शहरात हिंदू विरुद्ध मुसलमान सामना भरवायला कोण धजणार? पंचरंगी पुन्हा कधी झाली नाही.

तिच्या जागी मुंबईचं क्रिकेट शिवाजी पार्क, माटुंगा, आझाद मैदान अशा मैदानांकडे सरकलं. १९४८ मध्ये डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने पावसाळी साखळी स्पर्धा सुरू झाली. डॉक्टर पारशी संघाचे जुने फलंदाज, पण त्यांच्या नावाच्या स्पर्धेत लढती क्लबांमधल्या. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांचं वैर तर हिंदू-पारशी सामन्यांना मागे टाकील असं गाजलं. माधव मंत्री आणि पुढे सुनील गावसकर दादर युनियनचे. विजय मांजरेकर आणि अजित वाडेकर शिवाजी पार्कचे. धर्माच्या नावाने ओरडणारी मुंबई आता पेठेच्या, शाळेच्या, क्लबाच्या नावाने ओरडू लागली. ओरडायची हौस तीच राहिली, तिला वाट वेगळी मिळाली. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला.

त्या पंधरापैकी शेवटच्या काही विजयांत एकनाथ सोलकर होते. त्यांचे वडील पी. जे. हिंदू जिमखान्याचे माळी, आणि एकनाथ मोठे झाले ते त्याच मैदानाच्या कडेच्या एका खोलीत. मैदान राखणाऱ्या बाळू पळवणकरांना कप्तानपदासाठी झगडावं लागलं. मैदान राखणाऱ्याचा मुलगा सोलकर मुंबईकडून आणि देशाकडून खेळला, २७ कसोटींत ५३ झेल घेतले आणि त्याच्या जातीची चौकशी कुणाला करावीशी वाटली नाही. या दोघांच्या मध्ये जे बदललं, त्याचं श्रेय बहिष्काराला आणि पर्यायाला दोघांनाही द्यावं लागतं.

खेळाच्या इतिहासात बहिष्कार पुष्कळ आहेत, टिकलेले पर्याय मोजके. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकला उत्तर म्हणून बार्सिलोनात ‘लोकांचं ऑलिंपिक’ भरणार होतं. स्पेनमध्ये यादवी सुरू झाली आणि ते झालंच नाही. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसवर बहिष्कार घालणाऱ्या सोव्हिएत गटाने हँडबॉलपासून ॲथलेटिक्सपर्यंत ‘मैत्री’ स्पर्धा भरवल्या, जंगी भरवल्या. एका उन्हाळ्यात त्या संपल्या. या स्पर्धा रुसव्यातून जन्मल्या होत्या, आणि रुसवा ओसरल्यावर त्यांना कुणी वाली उरला नाही. रणजी करंडक रुसव्यातून निघाला नव्हता. बहिष्काराच्या आधी सहा वर्षं तो सुरू होता, रिकाम्या बाकांपुढे चालू राहिला आणि वेळ आली तेव्हा जागा घ्यायला तयार होता.

मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून मुंबईने बेचाळिसाव्यांदा हा करंडक उचलला. पंचरंगीचे विजेते आता फक्त जुन्या धावसंख्यांत सापडतात. एखादी वाईट प्रथा मोडायची असेल तर तिच्याकडे पाठ फिरवणं पुरत नाही. तिच्याहून चांगलं काही आधीच उभं करून, लोकांचं लक्ष नसतानाही ते नेटाने चालवावं लागतं. मुंबईच्या क्रिकेटने ते करून दाखवलं.